रामन परिणामापलीकडचे कृष्णन

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. शाळाशाळांतून चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या तसबिरीला हार घातला जातो, वक्तृत्व स्पर्धा होतात आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकाची हकिकत नव्या पिढीला पुन्हा सांगितली जाते. ज्या टिपणामुळे तो शोध जगापुढे आला, त्या ३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’मधील छोटेखानी टिपणावर मात्र दोन नावे होती. पहिले रामन यांचे, दुसरे करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचे. हे दुसरे नाव बहुतेक भाषणांत येत नाही. आलेच तर सहायक म्हणून ओझरते येते.

कृष्णन यांच्यावर अन्याय झाला की नाही, याची चर्चा अधूनमधून होत असते. पण त्या चर्चेतही एक गोष्ट हमखास निसटते. कृष्णन यांचे स्वतःचे म्हणता येईल असे सर्वांत मोठे काम प्रकाशाविषयीचे नव्हतेच. पदार्थातील अणूंची मांडणी आणि त्या पदार्थाचे चुंबकत्व यांचे नाते कसे असते, या प्रश्नाला त्यांनी आयुष्यातील ऐन उमेदीची तेरा-चौदा वर्षे दिली. ग्रॅफाइटसारख्या थरांच्या पदार्थात हे नाते किती विलक्षण असू शकते, हे त्यांच्या मोजमापांतून दिसून आले. एकविसाव्या शतकात ग्राफीनच्या आणि अणूभर जाडीच्या चुंबकांच्या निमित्ताने जगभरच्या प्रयोगशाळा ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, त्याच्या उगमापाशी ढाका आणि कोलकाता ही दोन गावे आहेत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ चा. तमिळनाडूत पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, श्रीविल्लिपुत्तूरजवळ वत्रप नावाचे गाव आहे, तेथला. घरी शेती होती आणि वडिलांना तमिळ व संस्कृत या दोन्ही भाषांची उत्तम जाण होती. तो वारसा मुलाने आयुष्यभर जपला. पुढे जगभर नाव झाल्यावरही कृष्णन तमिळमधून विज्ञानविषयक लेखन करीत राहिले. गावातली शाळा, मग श्रीविल्लिपुत्तूर, त्यानंतर मदुराईचे अमेरिकन कॉलेज आणि मद्रासचे ख्रिश्चन कॉलेज, असा शिक्षणाचा प्रवास झाला. शिक्षण संपल्यावर ख्रिश्चन कॉलेजातच त्यांना रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिके घेण्याची नोकरी मिळाली. नोकरी रसायनाची, पण ओढा भौतिकशास्त्राकडे. दुपारच्या सुटीत ते विद्यार्थ्यांशी भौतिकशास्त्रातील कोणत्याही प्रश्नावर गप्पा मारीत बसत. या अनौपचारिक बैठकीची कीर्ती इतकी पसरली की शेजारच्या महाविद्यालयांतील मुलेही तेथे येऊ लागली.

कोलकात्यात तेव्हा रामन यांच्या नावाचा बोलबाला होता. कृष्णन तिकडे गेले आणि १९२३ मध्ये बोबाजार मार्गावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये रामन यांचे संशोधक सहकारी झाले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली ही संस्था. साधने बेताची, पण शिस्त कडक. कृष्णन यांनी तेथे पासष्टच्या आसपास द्रवांमधून प्रकाश कसा विखुरतो याचा अभ्यास केला. हे काम वरवर पाहता रटाळ वाटेल. परंतु त्यातूनच त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून बसला. विखुरलेल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून असे दिसत होते की रेणू काही गोल गोटीसारखे नसतात. ते एका दिशेला एक आणि दुसऱ्या दिशेला वेगळा प्रतिसाद देतात. रेणूच्या अंगी ही दिशा कोठून येते? पुढच्या सगळ्या संशोधनाचे बीज या प्रश्नात आहे.

फेब्रुवारी १९२८ मधील घडामोडी अनेकदा सांगून झाल्या आहेत. कृष्णन काही काळ सैद्धांतिक कामात गढून गेले होते आणि त्यांनी प्रयोगांकडे परतावे यासाठी रामन आग्रही होते. त्या दिवसांची दैनंदिनी कृष्णन यांनी लिहून ठेवली होती. प्रयोगांच्या टेबलाशी बसून निरीक्षणे घेणारी व्यक्ती कोण होती, हे तीत तारीखवार दिसते. प्रकल्पाची दिशा, जिद्द आणि शोधाचा अर्थ ओळखणारी झेप रामन यांची होती, याविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. रामन यांनी कृष्णन यांच्या सहकार्याचा जाहीर उल्लेख केला होता. पण पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले आणि परिणामाला नावही त्यांचेच लागले. कृष्णन यांनी याबद्दल कधी जाहीर तक्रार केली नाही. त्यांच्या मौनाचे नाना अर्थ काढले गेले. त्यातला एक साधा अर्थ सहसा कोणी काढत नाही: नोबेल पारितोषिक जाहीर झाले त्या वर्षी कृष्णन कोलकात्यात नव्हतेच, आणि त्यांचे मन दुसऱ्याच कामात गुंतले होते.

१९२८ च्या डिसेंबरात ते ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रपाठक म्हणून रुजू झाले. सत्येंद्रनाथ बोस तेथे होते. १९२४ मध्ये आइन्स्टाइन यांनाही दखल घ्यायला लावणारा त्यांचा निबंध याच विद्यापीठातून गेला होता. अशा वातावरणात कृष्णन यांनी आपला जुना प्रश्न नव्या साधनाने हाती घेतला. प्रकाशाऐवजी आता चुंबक, आणि सैरभैर फिरणाऱ्या द्रवातील रेणूंऐवजी शिस्तीत रांगा लावून बसलेले स्फटिकातील रेणू.

चुंबक म्हटले की आपल्याला लोखंड आठवते. वस्तुतः प्रत्येक पदार्थ चुंबकाला प्रतिसाद देतो. फक्त तो इतका क्षीण असतो की जाणवत नाही. पाणी, लाकूड, साखर, सोने असे बहुसंख्य पदार्थ चुंबकापासून किंचित दूर ढकलले जातात. याला प्रतिचुंबकत्व म्हणतात. लोह, निकेल, तांबे, कोबाल्ट यांचे अनेक क्षार किंचित ओढले जातात. ते समचुंबकीय. स्फटिकाच्या बाबतीत आणखी एक गंमत असते. लाकूड तंतूंच्या दिशेने सहज फाटते आणि आडवे कापायला गेले की करवत अडते, तसा स्फटिकाचा चुंबकीय प्रतिसादही दिशेनुसार बदलतो. हा फरक मोजता आला, तर आतील अणुरेणू कोणत्या अंगावर बसले आहेत याचा माग काढता येईल, असा कृष्णन यांचा तर्क होता.

फरक मोजायचा कसा, हीच खरी अडचण होती. न्यूयॉर्कमध्ये इसिडोर रबी या तरुण संशोधकाने १९२७ मध्ये स्फटिक एका द्रावणात बुडवून मोजण्याची चतुर युक्ती प्रसिद्ध केली होती. कृष्णन आणि त्यांचे सहकारी बी. सी. गुहा व एस. बॅनर्जी यांनी फरक थेट मोजण्याची वेगळी वाट शोधली, आणि तिचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. क्वार्ट्झचा केसाहूनही बारीक तंतू घ्यायचा, त्याच्या टोकाला इवलासा स्फटिक टांगायचा आणि तो विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सोडायचा. स्फटिक आपल्या पसंतीच्या दिशेला तोंड करून स्थिर होतो. आता तंतूचे वरचे टोक हळूहळू पिळायला सुरुवात करायची. तंतू स्फटिकाला फिरवू पाहतो, चुंबक त्याला धरून ठेवतो. पीळ वाढत जातो, स्फटिक नाइलाजाने थोडाथोडा वळतो. मूळ जागेपासून तो ४५ अंशांपर्यंत वळला की चुंबकाची पकड आपल्या कमाल मर्यादेला पोचलेली असते. त्यापुढे तंतूला जरासा अधिक पीळ दिला की पकड सुटते आणि स्फटिक एकदम गर्रकन फिरतो. तो क्षण डोळ्यांनी टिपता येतो. तोपर्यंत किती पीळ दिला, हे मोजले की दोन दिशांमधील चुंबकीय फरक हिशेबाने मिळतो. फार महागडे उपकरण नको, मोठा स्फटिकही नको. हवा होता तो स्थिर हात आणि अमाप धीर. १९३३ पासून रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये या कामाची निबंधमाला प्रसिद्ध होऊ लागली आणि ढाक्याचे नाव चुंबकत्वाच्या नकाशावर उमटले.

नॅप्थलीन म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळ्या. तिच्या रेणूत कार्बनची दोन षटकोनी कडी एकमेकांना चिकटून सपाट पडलेली असतात. अँथ्रासीनमध्ये अशी तीन कडी. कड्याच्या प्रतलाला लंब दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले की या रेणूंचे प्रतिचुंबकत्व एकाएकी वाढते, प्रतलाच्या दिशेने ते सामान्यच राहते. कृष्णन यांनी याचा उपयोग कंपासासारखा केला. स्फटिकाच्या प्रतिसादावरून आतील सपाट रेणू किती अंशांनी कलले आहेत, हे त्यांनी काढले. क्ष-किरणांनी रचना शोधण्याचे शास्त्र तेव्हा गुंतागुंतीच्या रेणूंपाशी अडखळत होते. चुंबकीय मोजमापाने आधी अंदाज मिळाला, तर क्ष-किरणांचे काम किती तरी सोपे होत असे. बेन्झीनचे कडे सपाट असते हे १९२९ मध्ये सिद्ध करणाऱ्या ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल यांना या पद्धतीचे मोल ताबडतोब पटले. १९३६ मध्ये लॉन्सडेल आणि कृष्णन यांचा संयुक्त निबंध रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये आला. प्रतिचुंबकीय स्फटिकांतील रेणूंची बैठक आणि त्यांचे चुंबकत्व यांची गणिती सांगड त्यात घालून दिलेली आहे.

दरम्यान १९३३ मध्ये रामन बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून गेले होते. कोलकात्याच्या असोसिएशनमध्ये महेंद्रलाल सरकार यांच्या नावाचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर कृष्णन यांची नियुक्ती झाली. ज्या इमारतीत त्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली काम केले, तेथेच आता ते प्रमुख प्राध्यापक होते. आणि याच काळात ग्रॅफाइटचे काम झाले.

ग्रॅफाइट घरोघरी असते. शिसपेन्सिलीच्या नावात शिसे असले तरी आत असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. हिराही कार्बनच. दोघांत फरक केवळ अणूंच्या मांडणीचा. हिऱ्यात प्रत्येक अणू चहूबाजूंनी चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो. ग्रॅफाइटमध्ये अणू मधमाशांच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीत पसरतात आणि असे सपाट थर पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. १९२४ मध्ये जे. डी. बर्नाल यांनी ही रचना निश्चित केली होती. एका थरातील दोन शेजारी अणूंमधील अंतर १.४२ अँगस्ट्रॉम, तर दोन थरांमधील अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम. थराच्या आतला बंध पोलादी, पण थराथरांमधला दुवा अगदी नाजूक. १९१० चे नोबेल पारितोषिक मिळवणारे डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांच्या नावाने ओळखले जाणारे क्षीण आकर्षण तेवढे या थरांना एकत्र ठेवते. कागदावर पेन्सिल घासली की थर अलगद निसटून कागदाला चिकटतात. आपण लिहू शकतो ते या नाजूकपणामुळे.

१९३४ मध्ये ‘नेचर’मध्ये कृष्णन यांनी ग्रॅफाइटच्या चुंबकत्वाची मोजमापे दिली. थरांच्या प्रतलात त्याचे प्रतिचुंबकत्व अगदी सामान्य, जवळपास हिऱ्याइतकेच. थरांना लंब दिशेने मात्र ते चाळीसपटींच्या घरात. एकच पदार्थ, तेच अणू, केवळ चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलली की एवढा फरक! ग्रॅफाइटचे प्रतिचुंबकत्व असाधारण असते, हे जुन्या निरीक्षणांवरून माहीत होते. पण ते सगळेच्या सगळे एकाच दिशेला एकवटलेले आहे, हे इतक्या स्वच्छपणे या मोजमापांतून समोर आले. अर्थ असा की या असाधारण प्रतिसादाचे कारण सुट्या कार्बन अणूत शोधून सापडणार नव्हते. ते थराच्या रचनेत दडले होते. प्रत्येक कार्बन अणूचे तीन इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात खर्ची पडतात. चौथा मोकळा राहतो आणि थरभर हिंडतो. पण थर सोडून वरच्या किंवा खालच्या थरात जाणे त्याला फार अवघड जाते. थराला लंब असे चुंबकीय क्षेत्र लावले की हे मोकळे इलेक्ट्रॉन थरातल्या थरात घिरट्या घेतात आणि क्षेत्राला विरोध करतात. क्षेत्र थराला समांतर असेल तर घिरट्या घ्यायला त्यांना वावच नसतो.

एन. गांगुली यांच्यासह कृष्णन यांनी हा धागा नेटाने पुढे नेला. १९३९ मध्ये दोघांनी दाखवले की ग्रॅफाइटमध्ये वीज थरांच्या प्रतलात जितकी सहज वाहते, त्याच्या तुलनेत लंब दिशेने ती हजारो पटींनी अडते. १९४१ मध्ये त्यांचा मोठा निबंध आला. त्यात अतिशीत अवस्थेपासून हजार अंशांपलीकडच्या तापमानापर्यंत ग्रॅफाइटचे प्रतिचुंबकत्व कसे बदलते हे मोजले होते. रशियन शास्त्रज्ञ लेव लँडाउ यांनी १९३० मध्ये मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिचुंबकत्वाचा सिद्धांत मांडला होता. तो थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांना लावून, दर अणूमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन धरला की मोजमापांचा मेळ बसतो, असे त्यांनी दाखवले. हे स्पष्टीकरण पुढे जसेच्या तसे टिकले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. १९४७ मध्ये फिलिप वॉलेस यांनी ग्रॅफाइटमधील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे वेगळेच चित्र मांडले आणि १९५६ मध्ये मॅक्ल्युअर यांनी त्याच्या आधारे प्रतिचुंबकत्वाचा अधिक खोल खुलासा केला. कृष्णन यांनी वापरलेले मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे चित्र ढोबळ ठरले. मोजमापे मात्र टिकली, आणि नव्या सिद्धांतांना उतरावे लागले ते त्याच आकड्यांच्या कसोटीला.

समचुंबकीय क्षारांवरचे कामही याच तोडीचे, किंबहुना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने काकणभर सरसच. ओळखीचे उदाहरण मोरचुदाचे, म्हणजे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणासाठी वापरतात त्या निळ्या कॉपर सल्फेटचे. त्याच्या स्फटिकात तांब्याचा प्रत्येक आयन पाण्याच्या चार रेणूंनी आणि सल्फेटच्या दोन ऑक्सिजन अणूंनी वेढलेला असतो. ही रचना १९३४ मध्ये बीव्हर्स आणि लिप्सन यांनी शोधली. हे सहा शेजारी आयनाभोवती एक विद्युत कुंपण उभे करतात आणि ते कुंपण सर्व बाजूंनी सारखे नसते. कोणत्या दिशेला तोंड करणे आयनाच्या चुंबकत्वाला सोयीचे, हे त्या कुंपणाच्या आकारावर ठरते. १९३८ मध्ये कृष्णन आणि ए. मुखर्जी यांनी मोरचुदाची मोजमापे या रचनेशी ताडून पाहिली. लोह, कोबाल्ट, निकेल यांच्या क्षारांवरही अशीच मोजमापे झाली. अमेरिकेत जॉन व्हॅन व्हलेक आणि त्यांचे सहकारी याच कुंपणाचा गणिती सिद्धांत रचत होते. त्या सिद्धांताला कोलकात्याच्या आकड्यांचा भक्कम आधार मिळाला. व्हॅन व्हलेक यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा कृष्णन यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

मानसन्मान आले नाहीत असे नाही. १९३७ च्या युरोप दौऱ्यात केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची व्याख्याने झाली, बेल्जियममधील लिएज विद्यापीठाने पदक दिले. १९४० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. १९४६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. टेनिसची आवड, संस्कृत आणि तमिळ काव्याचा व्यासंग, पाश्चात्त्य व भारतीय तत्त्वज्ञानाचे वाचन असे हे बहुपेडी व्यक्तिमत्त्व होते. ते मितभाषी आणि कमालीचे नम्र म्हणून ओळखले जात. रामन यांच्या ज्वालाग्राही स्वभावापुढे ही नम्रता लोकांच्या डोळ्यांत अधिकच भरत असे, आणि कदाचित त्यामुळेच त्यांच्या कामाचा गाजावाजा झाला नाही.

१९४२ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी ए. बी. भाटिया या विद्यार्थ्याबरोबर द्रवरूप धातूंच्या विद्युतरोधाचा विचार केला. वितळलेल्या धातूत अणूंची रांग मोडते, पण शेजाऱ्यांचे अंतर अगदीच बेशिस्त होत नाही. या उरलेल्या शिस्तीवर विद्युतरोध अवलंबून असतो, हे त्यांनी १९४५ मध्ये दाखवले. पुढे १९६१ मध्ये जॉन झायमन यांनी मांडलेला आणि जगभर मान्यता पावलेला सिद्धांत याच वाटेवरचा आहे. येथेही मूळ विचार तोच होता: आधी अणूंची मांडणी पाहा, गुणधर्म त्यातून उलगडतो.

आणि मग दिल्ली. ४ जानेवारी १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला बसली. कृष्णन तिचे पहिले संचालक झाले. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेल यांनी तिचे उद्घाटन केले. देशाच्या वजनमापांचे प्रमाण राखण्याचे काम या प्रयोगशाळेकडे होते. १९५६ च्या कायद्याने शेर-पावशेर जाऊन किलोग्रॅम आला, त्यामागचा वैज्ञानिक आधारही हीच प्रयोगशाळा होती. मतदानानंतर बोटाला लावली जाणारी आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात आलेली न पुसली जाणारी शाई येथेच विकसित झाली. सौरचुलीचा प्रयोगही येथलाच. त्याची प्रसिद्धी मोठी झाली, पण चूल घराघरांत पोचली नाही. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला तेव्हा होमी भाभा अध्यक्ष होते आणि शांतिस्वरूप भटनागर व कृष्णन हे दोघे सदस्य. १९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९५८ मध्ये भटनागर यांच्या स्मरणार्थ सुरू झालेले पहिलेवहिले पारितोषिक कृष्णन यांना मिळाले.

नव्या राष्ट्राला संस्था हव्या होत्या आणि त्या उभारणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. कृष्णन यांनी हे काम नाकारले नाही. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे. समित्या, इमारती, नेमणुका यांतून वेळ काढून ते संशोधन करीत राहिले, एस. सी. जैन यांच्याबरोबर तापलेल्या तारांतील तापमानाच्या विभागणीवर आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर त्यांनी बारकाईचे काम केले. हे काम प्रामाणिक होते, नेटके होते. परंतु ग्रॅफाइटच्या थरांशी, क्षारांच्या स्फटिकांशी त्यांनी तीस-चाळिशीत जी झटापट केली, तिचा आवेग त्यात पुन्हा दिसत नाही. चुंबकत्वाच्या संशोधनात ते आघाडीवर होते, त्याच वेळी त्यांना ते क्षेत्र मागे सोडावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सफर्ड आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांनी सूक्ष्मलहरींची नवी तंत्रे वापरून त्याच क्षारांचा अभ्यास कित्येक पावले पुढे नेला. जून १९६१ मध्ये दिल्लीत कृष्णन यांचे निधन झाले. वय अवघे ६२.

पुढची चाळीस वर्षे ग्रॅफाइटचे चुंबकत्व हा जाणकारांपुरता विषय राहिला. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एकेक थर सोलून काढला. हेच ग्राफीन. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. व्हॅन डर वाल्स दुवा नाजूक असल्याचा हा फायदा. पाहता पाहता अशा शेकडो थरांच्या पदार्थांचा शोध सुरू झाला आणि स्वाभाविकच प्रश्न आला: अणूभर जाडीचा थर लोहासारखा चुंबक होऊ शकेल काय?

सिद्धांताचे उत्तर निराशाजनक होते. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ मध्ये दाखवले होते की द्विमितीय थरात अणूंच्या चुंबकत्वाला सर्व दिशा सारख्याच वाटत असतील, तर जराशी उष्णताही त्यांची एकजूट मोडून टाकते. सुटका एकच. अणूंना एखादी दिशा अधिक पसंत असली पाहिजे. दिशेची ही पसंती म्हणजेच कृष्णन ढाक्यात क्वार्ट्झच्या तंतूवर मोजत होते ती गोष्ट. २०१७ मध्ये सिअ‍ॅटल आणि बोस्टनजवळील केंब्रिज येथील संशोधकांनी क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या एकेरी थरात चुंबकत्व टिकते हे दाखवले. उणे २२८ अंश सेल्सियसच्या खाली, म्हणजे ४५ केल्विनपर्यंत. या पदार्थात क्रोमियमच्या प्रत्येक आयनाभोवती आयोडीनच्या सहा अणूंचे कुंपण असते. मोरचुदातील तांब्याभोवती ऑक्सिजनच्या सहा अणूंचे असते, तसेच. आयोडीनसारख्या जड अणूंमुळे थराला लंब दिशा या चुंबकत्वाला अधिक सोयीची होते, आणि म्हणून ते तग धरते.

याहून चमत्कारिक भाग दोन थरांचा आहे. प्रत्येक थर स्वतंत्रपणे चुंबक असतो. पण दोन थर एकमेकांवर आले की त्यांचे चुंबकत्व विरुद्ध दिशांना तोंड करते आणि एकूण परिणाम शून्यावर येतो. याच पदार्थाच्या जाड स्फटिकात मात्र थर एकाच दिशेला तोंड करतात. हे कोडे सुटले ते थरांच्या रचणीकडे पाहिल्यावर. वरचा थर खालच्या थरावर नेमका कोठे टेकतो, तो किंचित बाजूला सरकलेला आहे का, यावर थराथरांमधील मैत्री किंवा वैर ठरते. २०१९ मध्ये दोन संशोधक गटांनी हे पातळ थर प्रचंड दाबाखाली धरले. दाबाने थर आपल्या जागेवरून सरकले, रचणी बदलली आणि आधी परस्परविरुद्ध असलेले चुंबकत्व एका दिशेला वळले. रासायनिक घटक तेच होते, थरांतील अणूही तेच; बदलली होती ती फक्त त्यांची बैठक.